एक्केचाळीसपैकी नऊ

शाळेत त्यांना सगळे फळाबाई म्हणत. पाच रंगांच्या खडूंनी त्या अपूर्णांकांचा असा फळा सजवायच्या की पुढच्या तासाच्या शिक्षकाला तो पुसणं जिवावर यायचं. मधेच विनोद, मधेच गोष्ट. सातवी ‘अ’ ही त्यांची तुकडी, आणि आपलं मूल तिथेच पडावं म्हणून पालक मुख्याध्यापकांकडे खेटे घालत. एवढं कौतुक झाल्यावर कुणालाही स्वर्ग दोन बोटं उरतो. बाईंनाही उरला होता.

शेजारच्या ‘ब’मध्ये गप्प सर. यायचे, फळ्यावर पाच गणितं लिहायचे, खुर्चीत बसायचे. दोन गणितं कालची, दोन गेल्या महिन्यातली, एक पार जुनं. पोरं डोकं खाजवत बसायची. मधल्या सुट्टीत फळाबाई सरांची नक्कल अशी हुबेहूब करायच्या की विज्ञानाच्या बाईंना, म्हणजे त्यांच्या वीस वर्षांच्या मैत्रिणीला, ठसका लागायचा. सर तिथेच असत, वर्तमानपत्राआड.

मग एकदा शिक्षकांचं प्रशिक्षण झालं. लेकीच्या वयाची एक तज्ज्ञ सांगत होती, “सांगितलेलं विसरतं, आठवून काढलेलं टिकतं. लहान वर्गांना रोज थोडं विचारा, मोठ्यांना जुनं-नवं मिसळून विचारा. माझ्यावर विश्वास ठेवू नका, आपल्या वर्गात मोजून बघा.” बाकीच्यांनी डुलक्या काढल्या. फळाबाईंचं मात्र डोकं फिरलं. कालची पोर आम्हाला शिकवणार? थांब, मोजूनच दाखवते!

लांब सुट्टीनंतर शाळा उघडली त्याच दिवशी त्यांनी आठवीत गेलेल्या दोन्ही तुकड्यांना कोरे कागद वाटले आणि आगाऊ न सांगता अपूर्णांकांची पाच गणितं घातली. ‘ब’च्या चाळीसपैकी अठ्ठावीस जणांना निदान चार तरी आली. ‘अ’च्या एक्केचाळीसपैकी नऊ जणांना. बाईंनी कागद तीनदा तपासले. एका मुलीने बाई फळ्यावर काढायच्या तसं कलिंगड काढलं होतं, फोडींसकट, अगदी सुरेख. खाली उत्तर नव्हतं.

दुसऱ्या कुणी ते कागद फाडून हात झटकले असते. बाईंनी घोडचूक केली. जेवताना सगळ्यांना आकडे सांगून टाकले आणि वर म्हणाल्या, “आपण नुसती तोंडाची वाफ दवडतोय गं.”

विज्ञानाच्या बाईंनी डब्याला झाकण लावलं. “तू पाट्या टाकल्यास असं म्हण. आम्हाला कशाला ओढतेस त्यात?”

त्या दिवसापासून फळाबाई एकट्या जेवू लागल्या. गप्प सरही नव्हते, त्याच सुट्टीत निवृत्त झाले होते. बाई वर्षभर त्यांच्यासारखंच शिकवत राहिल्या. “बाई, गोष्ट सांगा ना,” असं मुलं आधी म्हणायची, मग म्हणायची थांबली. अकरा पालकांनी तुकडी बदलून मागितली. पद्धत खरी की खोटी हे पुढच्या सुट्टीनंतरच कळणार होतं, पण मुख्याध्यापकांना तेवढा धीर कुठला! “सोमवारपासून पहिल्यासारखं शिकवा,” ते म्हणाले, “नाहीतर सातवी दुसऱ्याला देतो.” बाईंचे यजमान जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगा फोनवर म्हणाला, “अगं, मग शिकव ना पहिल्यासारखं!” फोन ठेवल्यावर त्यांना इतकं एकटं वाटलं की बराच वेळ दिवाही लावावासा वाटेना.

रविवारी त्या गप्प सरांचं घर शोधत गेल्या.

“सर, तुमच्या पद्धतीने वर्षभर शिकवतेय. आता सोडू की धरून ठेवू?”

“प-पद्धत कसली, बाई? मी बोलायला लागलो की पोरं ह-हसायची. म्हणून गणितं द्यायचो.”

बाईंनी पिशवीतून ‘ब’चे कागद काढून दिले. सरांनी एकेक नाव वाचलं. “हा? हा तर वर्गात झ-झोपायचा!” मग त्यांनी वरची तारीख पाहिली. “व-वर्ष झालं की याला.”

“यायची लाज वाटली, सर. तुम्हाला सगळ्यात जास्त मीच हसले होते.”

“माहीत आहे.” सरांनी चष्मा पुसला. “पण तुमचा तास भ-भिंतीपलीकडून ऐकायचो मी. असं आपल्याला यायला हवं होतं, वाटायचं. फार सुंदर शिकवायच्या तुम्ही.”

वर्षभर बाई याच शब्दांसाठी आसुसल्या होत्या. आता ते मिळाले, तर घेता येईनात. त्यांनी ‘अ’चे कागदही काढून सरांपुढे ठेवले. सरांनी सगळे पाहिले आणि नीट जुळवून परत दिले.

“उद्या सांगते मुख्याध्यापकांना,” बाई म्हणाल्या. “सातवी खुशाल दुसऱ्याला द्या. पहिल्यासारखं आता माझ्याच्याने व्हायचं नाही.” जिन्यापर्यंत जाऊन त्या मागे वळल्या. “सर, एकटं बसायची सवय होते का हो?”

सर दारात उभे होते. त्यांनी बराच वेळ शब्द जुळवला.

“न-नाही,” ते म्हणाले.