पासिंगच्या दिवशी गाडी कुठे होती?

नोकरीत अपघातांचे असंख्य कागद माझ्या हातांखालून गेले, बहुतेक विसरलो. एका राखाडी मोटारीचा अपघात मात्र अजून लक्षात आहे, कारण त्यातल्या आरोपीने पहिल्याच दिवशी गुन्हा कबूल केला होता, आणि तो गुन्हा त्याने केलेलाच नव्हता.

मी तेव्हा बडोद्यातल्या एका ठाण्याचा इन्स्पेक्टर होतो. दुपारी कंट्रोलचा संदेश आला की अलकापुरीच्या बाजूला उतरणाऱ्या पुलावर मोटारीने स्कूटरला धडक दिली आहे. मी पोहोचलो तोवर स्कूटरवरच्या शिक्षिकेला रुग्णालयात हलवले होते. मांडीचे हाड मोडले होते. मोटार दुभाजकाला घासून थांबली होती आणि चालवणारे गृहस्थ फुटपाथवर डोके धरून बसले होते.

हे गृहस्थ मूळचे जळगावकडचे, बाजव्याकडच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले. तीस वर्षे त्यांचे काम एकच : पाइप आणि व्हॉल्व्ह तपासायचे, धोका दिसला की काम बंद ठेवायला सांगायचे. निवृत्तीनंतर बायकोला दवाखान्यात नेण्या-आणण्यासाठी त्यांनी दोन महिन्यांपूर्वी ही जुनी गाडी घेतली होती.

मी जबाब घ्यायला बसलो. "ब्रेक दाबला, पण गाडी थांबली नाही," ते म्हणाले. "माझाच पाय ॲक्सिलरेटरवर पडला असणार."

"पडला असणार, की पडला?"

"या वयात होतं असं. मुलगाही तेच म्हणतो. त्यानं चावी काढून घेतलीय माझ्याकडून. लिहा साहेब, माझीच चूक."

मी लिहून घेतले. निष्काळजीपणे वाहन चालवल्याचा गुन्हा दाखल झाला, जामीन झाला. खरे सांगायचे तर मला बरेच वाटले. कबुली मिळाली की तपास हलका होतो.

मग परिवहन खात्याच्या निरीक्षकाचा अहवाल आला. ब्रेकचा पाइप गंजून फुटला होता, ऑइल संपूर्ण गळून गेले होते. म्हणजे पाय चुकला नव्हता! मी गाडी विकणाऱ्या व्यापाऱ्याला बोलावले. तो इस्त्रीच्या शर्टात, हातात नीट लावलेली फाइल घेऊन आला. पंधरा वर्षे झालेल्या गाडीची नोंदणी वाढवायची तर तपासणी करून घ्यावी लागते. ती विक्रीच्या आधी आठच दिवस झाली होती, आणि कागदावर ब्रेकसमोर 'योग्य' लिहिले होते.

"साहेब, पाइप धडकेत फुटला असेल. गाडी सरकारी नियमाने पास आहे," तो म्हणाला.

अहवालात गंज स्पष्ट होता, पण कोर्टात हा माणूस हाच कागद पुढे करणार, हे मला दिसत होते. माझा हेड कॉन्स्टेबल म्हणाला, "साहेब, कबुली आहे, कागद आहे. चार्जशीट करून टाकू." मी शुक्रवारी पाठवू म्हणालो.

गुरुवारी ठाण्याचा फोन वाजला. पलीकडून दबका आवाज आला. "साहेब, पासिंगना दिवसे ए गाडी क्यां हती, एनी तपास करो." फोन ठेवला गेला. फिटनेसच्या तपासणीला आमच्याकडे सगळे पासिंगच म्हणतात. त्या दिवशी गाडी कुठे होती ते शोधा, एवढेच त्याचे म्हणणे.

निनावी फोन दोन तऱ्हेचे असतात. कुणावर राग असलेला माणूस फोनवर नावे घेतो, शिव्या देतो. ज्याला काहीतरी ठाऊक आहे आणि ते सोसवत नाही, तो थोडकेच बोलतो. हा दुसरा होता. मी पंचनामा पुन्हा काढला. हेड कॉन्स्टेबलने इमानाने एक ओळ लिहिली होती : 'इंजिनाजवळ तारेने बांधलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी, त्यावर गॅरेजचे नाव, ऑइल बदलल्याची तारीख व किलोमीटर.' किलोमीटर होते एक लाख बेचाळीस हजार. आणि पंचनाम्यातच खाली, डॅशबोर्डवरचा आकडा : एकोणसत्तर हजार. दोन्ही ओळी मी आधी वाचल्या होत्या. शेजारी ठेवून वाचल्या नव्हत्या. विकण्याआधी मीटर मागे फिरवलेले होते.

ते गॅरेज बाजव्याला निघाले. मी साध्या कपड्यांत गेलो. मिस्त्री पन्नाशीचा होता. मला पाहताच त्याने पान्हा खाली ठेवला, हात पुसले आणि बाहेरचा बाक दाखवला. आवाज मी लगेच ओळखला, पण तसे बोललो नाही.

आमचे पणजोबा संस्थानच्या फौजेत होते. चार पिढ्या बडोद्यात गेल्या. घरात मराठी, बाहेर गुजराती. मी त्याच्याशी गुजरातीतच बोललो, पण विषयाला हात घातला नाही. मुलांची चौकशी केली, चहा घेतला. चहा संपताना तो स्वतःच म्हणाला, "माझं अर्धं काम त्या व्यापाऱ्याकडून येतं, साहेब."

"मग मला बोलावलंत कशाला?"

"ती टीचर माझ्या बहिणीच्या मुलीला शिकवते," तो म्हणाला आणि आत जाऊन कामाचे पुस्तक घेऊन आला.

पासिंगच्या आठवड्यात ती गाडी मंगळवार ते गुरुवार त्याच्याकडे जॅकवर होती, चाके काढलेली. पुस्तकात नोंद होती : ब्रेक पाइप सडेला, म्हणजे गंजून सडलेला, बदलायला हवा. व्यापाऱ्याने नको म्हटले, नुसते पॉलिश करायला सांगितले. आणि बुधवारी सकाळी व्यापाऱ्याचा माणूस येऊन दोन्ही नंबरप्लेटची लॉक तोडून त्या घेऊन गेला, संध्याकाळी साध्या स्क्रूने बसवून गेला. पासिंगची तारीख तीच, बुधवारची.

मी तपासणी केंद्रातून त्या दिवशीचा फोटो मागवला. तीच बनावट, तोच राखाडी रंग, तोच नंबर. मला काहीच वेगळे दिसेना. मग मी त्या गृहस्थांना ठाण्यात बोलावले. ते आले, खाली मान घालून बसले. मी फोटो पुढे सरकवला. त्यांनी चष्मा लावला, आणि तीस वर्षे पाइप तपासलेला माणूस माझ्यासमोर हळूहळू ताठ झाला.

"ही माझी गाडी नाही, साहेब."

"नंबर तुमचाच आहे."

"नंबर राहू द्या. याच्या बंपरमध्ये फॉग लॅम्प आहेत. माझ्या गाडीला नाहीत, बसवायला जागाच नाही. ही वरच्या किमतीची गाडी आहे." त्यांनी फोटो टेबलावर ठेवला. "म्हणजे माझ्या गाडीचे ब्रेक कुणी तपासलेच नाहीत. माझा पाय ब्रेकवरच होता?"

"ब्रेकवरच होता," मी म्हणालो. ते रडले. मी पाणी मागवले आणि खिडकीकडे बघत बसलो.

व्यापाऱ्याला पुन्हा बोलावले. चौकशीचा माझा एक नियम होता : पुरावा दाखवण्याआधी समोरच्याची गोष्ट पूर्ण लिहून घ्यायची, त्याची सही घ्यायची. मी सहज विचारले, "पासिंगला गाडी कोणी नेली?"

"मी स्वतः चालवत नेली. अकराच्या सुमारास."

"ब्रेक कसे होते?"

"एकदम टकाटक, साहेब."

सही झाली. मग मी कामाचे पुस्तक उघडले, शेजारी फोटो ठेवला, पुठ्ठ्याची चिठ्ठी ठेवली. "चाकं काढून जॅकवर ठेवलेली गाडी तुम्ही अकरा वाजता कशी चालवली, तेवढं सांगा."

आधी तो हसला. मग वकील हवा म्हणाला. मग मिस्त्रीला दोष दिला. अर्ध्या तासाने त्याने, या प्लेट लावून पासिंगला नेलेल्या दुसऱ्या गाडीचा पत्ता दिला. त्याच्या आवारातून तशाच पद्धतीने पास करून आणलेल्या आणखी काही गाड्या आम्ही जप्त केल्या. त्यातली एक शाळेच्या मुलांची ने-आण करायला ठरली होती.

व्यापाऱ्यावर फसवणुकीचा आणि बनावट कागद केल्याचा गुन्हा लागला, त्याला शिक्षा झाली. गृहस्थांचे नाव गुन्ह्यातून वगळले गेले. तपासणी केंद्रात गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला चेसिस नंबर न पाहता सही करणाऱ्यालाही उत्तर द्यावे लागले. मिस्त्रीने भर कोर्टात साक्ष दिली. शिक्षिका काठी घेऊन शाळेत परतल्या. ते गृहस्थ त्यांना भेटायला गेले तेव्हा त्यांच्या मुलानेच त्यांना गाडीतून नेले, आणि येताना चावी वडिलांच्या हातात दिली.

आता ओळखीचे लोक जुनी गाडी घेण्याआधी मला विचारतात. मी सांगतो, तपासणीचा कागद जरूर बघा, पण नुसता तेवढाच बघू नका. गाडी जिथे दुरुस्त होत होती तिथली पुस्तके मागा, तारखा आणि किलोमीटर शेजारी ठेवून वाचा, चेसिस नंबर वाकून स्वतःच्या डोळ्यांनी जुळवा, आणि आपला मिस्त्री नेऊन गाडी उचलून खालून बघा. विकणारा प्रामाणिक असेल तर तो कंटाळेल, पण अडवणार नाही.

हा झाला गाडी घेणाऱ्यांसाठी धडा. माझ्यासाठीचा वेगळा आहे. माणूस खोटे बोलून जसा सुटू पाहतो, तसा लाजेपोटी खोटा दोषही घेतो, आणि ते खोटे आम्हा पोलिसांना सोयीचे असते म्हणून आम्ही ते तपासत नाही. तो फोन गुरुवारी आला. शुक्रवारी संध्याकाळी आला असता तर चार्जशीट माझ्या सहीने गेलेले असते, कोर्टाने ते मान्य केले असते, आणि माझी चूक झाली असे जन्मभर कुणीही, मीसुद्धा, म्हटले नसते.