आत उघडणारं दार

माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा ड्रम वाजवायचा. जॅझ नावाच्या संगीतात त्यांचं मोठं नाव होतं. मी सुतार. मला त्या संगीतातलं फारसं कळत नाही, पण माणूस कामात किती जीव घालतो ते कळतं. दाजींनी घातला तेवढा मी कुणाला घालताना पाहिलं नाही.

त्यांचे वडील पत्र्याचे डबे करायचे. दाजी लहानपणी दुकानात बसून डबे बडवत, आणि त्यांचा बाप त्यांना बडवी. पुढे कारखान्याच्या बँडात शिरले. तिथून ट्रम्पेट वाजवणाऱ्या एका दोस्तानं त्यांना उचललं. वाजवताना त्याचे गाल टरारून फुगत, म्हणून त्याला सगळे फुग्या म्हणत. दाजींना घड्याळ म्हणत, कारण त्यांचा ताल कधी पुढेमागे होत नसे. दोघांनी मिळून गावोगाव वाजवलं, रेकॉर्ड काढली.

त्या रेकॉर्डवर एक तुकडा आहे. सगळी वाद्यं थांबतात आणि दाजी एकटेच वाजवतात. आधी जोरात, मग कमी, मग आणखी कमी, शेवटी नुसता तारेचा ब्रश चामड्यावर फिरतो. कुणी जमीन झाडतंय असं वाटावं, पण तालात. लोक श्वास धरून ऐकत. दाजी म्हणायचे, जोरात कुणीही वाजवेल. हळू वाजवायला खांद्यापासून मनगटापर्यंत सगळं आवरून धरावं लागतं, घाम त्यात जास्त येतो. रंधा हलका मारायचा असला की माझंही तेच होतं, म्हणून मला ते पटलं.

मग दोन मुली झाल्या. फिरतीवर घर चालेना. एका मोठ्या हॉटेलानं कायमची नोकरी दिली, सोबत राहायला खोल्या. खोल्या मागच्या बाजूला, धुलाईघराला लागून. भिंतीतून वाफेचा पाइप जायचा, त्यामुळे एक भिंत बारा महिने गरम. ताई तिच्यावर ओली पायताणं टेकवून वाळवी. हॉटेलच्या दर्शनी भागात दाजींचा तरुणपणचा फोटो मोठा करून लावला होता. करारात एकच अट होती. बाहेर कुठं वाजवलं तर नोकरी गेली, आणि नोकरीबरोबर खोल्या.

मॅनेजरनं पहिल्याच महिन्यात सांगितलं, गिऱ्हाइकांना नाचायचं असतं, तुमचं ते झाडू मारणं बंद करा, ठणकावून वाजवा. दाजींनी ठणकावलं. काही वर्षांनी नाचायची जागा काढून तिथं जेवणाची टेबलं मांडली. आता जेवणारे तक्रार करू लागले की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. दाजी म्हणाले, मग हळू वाजवतो. मॅनेजर म्हणाला, नको, लोकांना जोरात वाजवणारा दिसला पाहिजे, फक्त ऐकू कमी आला पाहिजे. आणि त्यानं ड्रमभोवती काचेची पेटी उभी केली. जाड काच, पुरुषभर उंच, वरून उघडी. आत कानावर हेडफोन लावून दाजींनी बाकीच्यांचं ऐकायचं, आणि त्यांच्यासमोरच्या माइकमधून बेताचा आवाज बाहेर सोडायचा.

पेटी करणारा काचवाला म्हणजे उंटावरचा शहाणा. त्यानं माप घेतलं ते रिकाम्या स्टेजचं. ड्रम आत मांडल्यावर किती जागा उरते हे त्यानं विचारलं नाही, कुणी सांगितलंही नाही. दार त्यानं आत उघडणारं केलं. दाजी स्टुलावर बसले आणि ड्रम जागच्या जागी लागले की दार उघडूच शकत नसे, तीन पायांवर जमिनीवर उभा राहणारा बाजूचा ड्रम त्याला आडवा येई. मग रोज संध्याकाळी एक सोंग चाले. दाजी आत जात, दार लावून घेत, आणि कॉन्ट्राबास, म्हणजे माणसाएवढं उभं व्हायोलिन, वाजवणारा खुर्चीवर चढून तो ड्रम काचेवरून आत सोडी. कार्यक्रम संपला की उलटं. तोवर दाजी आत. कॉन्ट्राबासवाला चेष्टेनं विचारी, काय घड्याळराव, आज किल्ली कुणाकडे.

मध्यंतरातही बाहेर यायची सोय नाही, म्हणून दाजी दुपारनंतर पाणी पीत नसत. ताईनं हे मला सांगितलं. ओठ फुटायचे, पायात गोळे यायचे. ड्रमवाल्याचे दोन्ही पाय सारखे चालतात, आणि गोळा आला तरी पेडल सोडता येत नाही.

माझं त्या हॉटेलात खुर्च्या दुरुस्तीचं काम असे. मी पेटी पाहिली आणि दाजींना म्हणालो, अर्ध्या दिवसाचं काम आहे. बिजागऱ्या काढतो, दुसऱ्या अंगाला बसवतो, दार बाहेर उघडेल. ते नको म्हणाले. मला वाटलं मॅनेजरला भितात. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा ते चिडले.

"दार सहज उघडलं तर मी एखाद्या दिवशी मधेच उठून चालता होईन. मग त्या गरम भिंतीच्या खोल्याही जातील, तुझी बहीण कुठं झोपेल?"

मी हत्यारं पिशवीत टाकली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी त्यांची गत होती. मी बाहेरून बोलत होतो, मला सोपं होतं.

थोरली मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना फुग्या आला. आम्ही मागच्या खोलीत चहा पीत होतो. केस पांढरे झाले होते, गाल तसेच. त्याला नवा ताफा उभा करायचा होता. परदेशातून बोलावणं होतं, मोठे हॉल होते, आणि त्याला घड्याळाशिवाय दुसरं कुणी नको होतं. आज संध्याकाळपर्यंत सांग, म्हणाला, उद्या मला नावं कळवायची आहेत. ताईनं भिंतीवरची पायताणं उचलली आणि म्हणाली, "जा तुम्ही. आम्ही काय काचेच्या नाही."

दाजी एवढंच म्हणाले, संध्याकाळी सांगतो.

फुग्या संध्याकाळी जेवायला म्हणून येऊन बसला. मी भटारखान्याच्या दाराशी एका खुर्चीचा पाय बसवत होतो. पेटी त्यानं पहिल्यांदाच पाहिली. बराच वेळ तो नुसता बघत बसला, ताट निवलं. मग ट्रम्पेट काढून सरळ स्टेजवर चढला. मॅनेजर धावला, पण गिऱ्हाइकांत काहींनी त्याला ओळखलं, टाळ्या पडल्या, म्हणून मॅनेजर मूग गिळून बाजूला झाला.

फुग्यानं ट्रम्पेटच्या तोंडाला आवाज दाबायची टोपी लावली आणि रेकॉर्डवर त्या तुकड्याच्या आधी येणारी धून सुरू केली. अगदी हळू. त्याच्यापुढे माइक नव्हता, म्हणून दाजींच्या हेडफोनमध्ये तो येत नव्हता. दाजींनी ब्रश घेतले. हात फिरताना आम्हाला दिसत होते, पण आतला माइक ठणकावण्याच्या बेतानं लावलेला, त्यातून ब्रशचा आवाज काही येत नव्हता. काचेच्या अल्याड एक, पल्याड एक, आणि तालाचा पत्ता नाही. फुग्या काचेपर्यंत गेला, वाकला, ट्रम्पेट काचेला टेकवून वाजवू लागला. तरी जमेना. घड्याळ चुकत होतं. इतक्या वर्षांत मी ते पहिल्यांदा पाहिलं.

दाजींनी हेडफोन काढून टाकला. उजव्या पायानं पेडलच्या मोठ्या ड्रमवर ठोका चालू ठेवला आणि दोन्ही हातांनी तो दाराआडचा ड्रम उचलायला घेतला. बसल्या बसल्या. ज्यानं वजन उचललंय त्याला कळेल, पाय तालात ठेवून कंबरेतून ओझं उचलणं काय असतं. मानेच्या शिरा तट्ट फुगल्या. ड्रम त्यांनी स्टुलामागच्या कोपऱ्यात रेटला. ठोका हलला नाही. मग दार ओढलं. दार दीड वीत उघडलं आणि त्या रेट्यानं सरकलेल्या झांजेच्या स्टँडवर अडलं. त्या फटीतून तरुणपणचे दाजी गेले असते. या दाजींना पोट होतं.

त्यांनी खांदा घालून पाहिला. मागे घेतला. मग समोरचा छोटा ड्रम स्टँडसकट फटीत सरकवला, इतका की निम्मा बाहेर आला. स्वतः तिरके वळले, एक हात दारातून बाहेर काढला, आणि ब्रश टेकवला.

आता ऐकू आलं. जमीन झाडल्यासारखं, तालात. जेवणाऱ्यांनी चमचे खाली ठेवले. वेटर ट्रे घेऊन जागच्या जागी उभे राहिले. माइक नाही, काही नाही, आणि शेवटच्या टेबलापर्यंत पोचत होतं. फुग्यानं ट्रम्पेट खाली केलं. दाजी आवाज कमी करत गेले. तो कुठं संपला ते मला सांगता येणार नाही.

त्याच रात्री त्यांनी फुग्याला नकार दिला. फुग्या म्हणाला, अजून वाजतोस लेका, आणि गेलास ना काचेत फुकट. दाजी म्हणाले, मुलगी पास होऊ दे, मग बघू. फुग्यानं दुसरा ड्रमवाला नेला. ते "मग" पुढे आलं नाही.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी दाजी माझ्या दारात उभे.

"मेहुणे, हत्यारं घ्या," ते म्हणाले. "दार बाहेर उघडू दे."

मी मॅनेजरचं विचारलं. ते म्हणाले, मी बघतो. मी बिजागऱ्या उतरवल्या. काच जड होती, दाजी पूर्ण वेळ ती पेलून उभे होते, टेकू घेतला नाही. दार बसल्यावर ते आत जाऊन बसले आणि ते दोनदा उघडून लावलं. मॅनेजर आला. कुणाला विचारून, असं त्यानं विचारलं. दाजी म्हणाले, कुणाला नाही. वाजवताना बंद राहिलं पाहिजे, एवढं बजावून तो गेला.

आणि ते बंदच राहिलं. दाजी निवृत्त होईपर्यंत त्या पेटीत बसून ठणठण वाजवत राहिले. मी पुष्कळ संध्याकाळी पाहिलं, मधेच दार उघडून ते कधी उठले नाहीत.

फक्त त्या दिवसापासून स्टुलाशेजारी पाण्याचा तांब्या असायचा. मध्यंतराच्या आत ते तो संपवायचे.