आधी पाय

"आधी पाय," म्हणत ते बर्फात गुडघे टेकायचे. समोर कोणीही उभं असो, घसरगाडी थांबली की एकेका कुत्र्याचा पंजा उचलून बोटांमधला बर्फ काढायचा, ओले पाय पुसायचे, मगच माणसांकडे बघायचं. बैलांना पाणी दाखवल्याशिवाय पाहुण्यांशी न बोलणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. हे त्यातलेच, फक्त अलास्कातले.

ऐंशीच्या दशकात आम्ही दोघं तिथल्या नदीकाठच्या एका खेड्यात शिक्षक होतो आणि ते शेजारी. घरोघरी बर्फावर पळणाऱ्या स्नोमोबाइल आल्या तरी यांची कुत्री सुटली नाहीत. लोक हसायचे. आमची चिंगी त्यांना काका म्हणायची, ते मीच शिकवलं होतं.

एका हिवाळ्यात चिंगीला न्यूमोनिया झाला. गावातली इंजेक्शनं संपली होती. नवरा रेडिओजवळून उठला.

"प्लेन कॅन्सल केलंय. वेदर क्लिअर होईपर्यंत कोणी फ्लाय करणार नाही."

थंडीने स्नोमोबाइलही सुरू होईनात. पुढच्या मोठ्या गावाहून औषध आणायला काका कुत्री जुंपायला गेले.

दुसऱ्या दिवशी परतले ते तडक आमच्या घरात. पँट गुडघ्यापर्यंत गोठून कडक झाली होती. औषध गोठू नये म्हणून कोटाच्या आत, छातीशी धरलेलं. सुई टोचल्यावर चिंगीने भोकाड पसरलं तेव्हा म्हणाले, "आवाज चांगला आहे." मग बाहेर गेले.

ताप उतरला तशी मी शिरा केला आणि काकांचं तोंड गोड करायला हसत हसत गेले. कुत्र्यांनाही भरवायचा हट्ट धरला.

"सगळ्यात पुढे धावणारी म्हातारी कुत्री कुठंय?" मी विचारलं.

"झोपलीय," ते म्हणाले आणि वाटी संपवली.

घरी आल्यावर नवरा म्हणाला, "अगं, ती गेली. वाटेत नदीच्या बर्फावर पाणी चढलं होतं, सगळी कुत्री भिजली. आपल्या दारात तशीच ओली उभी राहिली, म्हातारी गारठली."

ऐकून मी रडले. पण खरं सांगते, मनात आधी आलं ते हेच, की माझी पोर वाचली. त्याची लाज अजून गेलेली नाही.

पुढच्या वर्षी आम्ही गाव सोडलं. काका विमानापर्यंत आले. चिंगीसमोर बर्फात गुडघे टेकून त्यांनी तिचे बूट काढले, मोजे चाचपले, पुन्हा बूट चढवून नाड्या बांधल्या.

"कोरडे आहेत," ते मला म्हणाले. मला त्यांच्याकडे बघवलं नाही.