कौसल्येचं गाडगं

आमच्या शेजारच्या गोपिकाबाईंच्या तोंडात एकच दात उरला होता, तोही वरच्या हिरडीला आणि बाजूला. त्याचा उपयोग चावायला नव्हता, फक्त हसताना दिसायला होता. उमेदीत त्यांनी मेंढरांमागे पायपीट केली होती. पुढे शेत आलं, मेंढरं गेली, पण हाक मारायची सवय मेंढरांचीच राहिली. त्या घरात सुनेशी बोलल्या की माझ्या देवघरात ऐकू यायचं, आणि जप मोजताना माझा मणी चुकायचा.

दात नसल्यामुळे त्यांचं सगळं जेवण वरणावर होतं. ताटात भाकर चुरायची, तीवर वरण ओतायचं आणि भाकरीनं ते पिईपर्यंत दम धरायचा. म्हणून वरण कसं शिजलंय यावर त्यांचा अख्खा दिवस ठरे.

घरात दोन सुना. थोरल्या पुष्पाबाईला लेकरांचं लेंढार. तिला सगळं जल्दी करून रानात पळायचं असायचं. ती मोठा जाळ घालायची, नि तिच्या वरणात एक डाळ दुसऱ्या डाळीला ओळख देत नसे. धाकटी कौसल्या मंठ्याकडची. ती चुलीवर भाकरी टाकायची आणि बाजूच्या वैलावर, जिथं नुसती ऊब जाते तिथं, मातीच्या गाडग्यात डाळ ठेवून खुरपायला जायची. दुपारी परत येईस्तोवर डाळ लोण्यासारखी झालेली. गोपिकाबाई म्हणायच्या, "पुष्पीची डाळ चावावी लागती, कौसीची गिळता येती." पण हे फक्त माझ्याकडे. थोरलीच्या कानावर गेलं असतं तर डाळसुद्धा मिळाली नसती.

पाडव्याला दोघा भावांच्या वाटण्या झाल्या. रान वाटलं, बैल वाटले, विहिरीच्या पाळ्यासुद्धा ठरल्या. आईचं कोणी काही बोललं नाही. थोरला आबाराव एवढंच म्हणाला, की आई काय, घरातच हाय. घर म्हणजे त्याचं घर, हे धरूनच चाललं. धाकटा राधाकिसन खाली बघत बसला. गोपिकाबाई म्हणाल्या, मला काय, एक घास कुठंबी. त्यांना कुठला घास पाहिजे होता हे गल्लीतल्या कुत्र्यालाही माहीत होतं.

पण सांगणार कसं? आईनं धाकट्याकडे ताट मागितलं की थोरल्याची गावात शोभा होते. आणि मागून जर धाकटीनं तोंड वाकडं केलं, तर शोभा आपली. बोलवलं पाहिजे ते कौसल्येनं, आणि कौसल्या तर नव्या घराच्या भिंती सारवण्यात गर्क.

त्या माझ्याकडे आल्या. वैनी, तुमी तिला सहज इचारून बघा, म्हणाल्या. आता माझी पंचाईत अशी, की पाडव्यापासून अक्षय तृतीयेपर्यंत दुसऱ्याच्या घरातली गोष्ट तोंडातून काढायची नाही, असा नेम मी देवापुढे धरला होता. तसं त्यांना सांगितलं.

गोपिकाबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या देव्हाऱ्याकडे. "येवढं पुण्य ठिवणार कुठं हाव, वैनी? घरात जागा तरी हाय का?"

मी जपमाळ हातात घेतली. नेम तो नेम.

मग त्यांनीच वाट काढली. अक्षय तृतीयेला कौसल्येची नवी चूल पेटणार होती, तिला नवं गाडगं लागणार होतं. आमच्याकडे जेवणारी माणसं मोजत नाहीत. मोजली की कमी होतात म्हणतात. म्हणून कुंभारीण 'किती माणसं' असं विचारत नाही, 'किती मुठीचं' असं विचारते. माणशी एक मूठ डाळ, आणि एक मूठ वरची, दारात अवचित येईल त्याच्यासाठी. गोपिकाबाईंचा हिशेब सोपा होता. नवरा-बायको दोन आणि वरची एक, म्हणजे तीन. कौसल्या तीन म्हणाली तर आपण थोरलीकडे. चार म्हणाली तर आपली सोय झाली. कोणाला काही विचारायला नको, की सांगायला नको.

कुंभार पिंपळगावच्या बाजाराला आम्ही तिघी बैलगाडीनं गेलो. मला घागर पाहिजे होती. गोपिकाबाईंना काही नको होतं, तरी त्या सगळ्यांच्या आधी गाडीत बसल्या होत्या.

कुंभारणीपुढे गाडग्यांची रांग. गोपिकाबाईंनी सरळ एक थोरलं उचललं, बोटाच्या पेरानं टिचकी मारली आणि कौसल्येच्या कानापाशी धरलं. काय आवाज हाय बघ, म्हणाल्या, देवळातली घंटाच.

कौसल्येनं ते हातात घेतलं, आत डोकावली आणि परत ठेवलं. "आत्याबाई, मोठ्या गाडग्यात थोडी डाळ टाकली की पाणी आटतं नि बुडाला लागती. गाडगं अर्ध्याच्या वर भरलं पाहिजे."

कुंभारीण म्हणाली, बराबर हाय बाईचं. वैलावरचं गाडगं आणि अंगातली चोळी मापाचीच पाहिजे.

गोपिकाबाईंना कुंभारणीचा राग आला. माल विकायला बसलीस का कमी करायला, असं तिला विचारून झालं. मग म्हणाल्या, उद्या घरात लेकरू येईल. कौसल्या लाजली, पण मागे सरली नाही. त्याला डाळ खायला दोन वर्सं लागतील, तवर हे गाडगं टिकतंय का, म्हणाली.

गोपिकाबाईंनी मग मधलं दाखवलं, मग त्याहून थोडं लहान. भाजी बाजारात घासाघीस उलट्या बाजूनं चालावी तशी त्यांची चालली होती. शेवटी कुंभारणीनं कंटाळून विचारलं, "बाई, मुठी किती?"

मी घागर बघायचं सोडलं.

"तीन," कौसल्या म्हणाली.

गोपिकाबाईंनी हातातलं गाडगं जपून खाली ठेवलं. कौसल्येनं एक गोल, जाड बुडाचं, रुंद गळ्याचं गाडगं निवडलं, वर झाकायला मातीचा परळ घेतला. गोपिकाबाईंनी त्याला टिचकीसुद्धा मारली नाही. येताना सबंध वाटेत त्या एक शब्द बोलल्या नाहीत. एरवी त्या बैलाच्या शेपटीशीही बोलतात. माझ्या जिभेवर चार वाक्यं येऊन बसली होती, ती मी विष्णुसहस्रनामाखाली दाबून ठेवली.

अक्षय तृतीयेला सकाळी नैवेद्य दाखवून मी कौसल्येकडे हळदी-कुंकवाला गेले. चूल पोतारलेली, गाडग्याच्या बुडाला मातीचा लेवा दिलेला. गोपिकाबाई उंबऱ्याच्या बाहेर बसल्या होत्या, ठेवणीतलं लुगडं नेसून, पदर सावरून, अगदी पाहुणी. कोणी आत या म्हटलं की म्हणत, इथंच बरं हाय.

कौसल्येनं चुलीला हळदी-कुंकू वाहिलं. गाडग्यात पाणी घातलं, वैलावर ठेवलं आणि डाळीच्या डब्यात हात घातला. पहिली मूठ पडली. दुसरी पडली. तिसरी पडली.

"जाते मी," गोपिकाबाई उठल्या. "पुष्पीची लेकरं वाट बघून राह्यली."

"कुठं निघालाव, आत्याबाई? वरची मूठ राह्यली की."

"तीन झाल्या. म्या बघितल्या."

"त्या तर घरच्यांच्या झाल्या," कौसल्या म्हणाली. "वरची मोजतंय कोण? आमच्याकडं ती घरातल्या थोरल्या बाईनं टाकायची असती. गाडग्याचा गळा रुंद घेतला तो मंग कशाला? तुमचा हात जावा म्हणूनच ना?"

मंठ्याकडे वरची मूठ मोजण्यात धरत नाहीत. येणाऱ्याला मोजलं तर तो यायचा थांबतो, असं तिच्या आजीचं म्हणणं. म्हणजे बाजारात सांगितलेल्या तिनांत तिसरी मूठ सासूचीच होती. एवढी साधी गोष्ट कौसल्येनं बोलून दाखवली नव्हती, कारण तिला वाटलं ती सगळ्या जगाला ठाऊक आहे.

गोपिकाबाई उभ्याच राहिल्या. मग आत आल्या, हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले. डब्यातून त्यांनी जी मूठ काढली ती मेंढरं उचललेल्या हाताची मूठ. कौसल्या बघतच राहिली.

"आत्याबाई, येवढी?"

"हात हाय तेवढा हाय. काय कापून देऊ का?"

मग त्यांनी कौसल्येला बाजूला सरकवलं, पाट ओढला आणि चुलीपुढे बसल्या. ते लाकूड मागं वढ, जाळ काय लग्नाचा हाय का, परळ वाकडा बसलाय, हळद आत्ताच कशाला टाकलीस. अर्ध्या घटकेत कौसल्येच्या नव्या घरात कौसल्येचं काही चालेनासं झालं. तिनं माझ्याकडे पाहिलं. ती हसत होती, पण पुढचं सगळं तिला दिसू लागलं असावं.

दुपारी आबाराव दारात आला. आई, जेवाय चल, म्हणाला.

गोपिकाबाईंनी मान वर केली नाही. "कसं येऊ, बाबा? इथं डाळ चढलीय. कौसी अजून नवखी हाय, तिच्या भरवशावर सोडून आले तर करपंल."

आबारावाला यात वावगं दिसलं नाही. तो गेला. दुसऱ्या दिवशी पुष्पाबाई स्वतः बोलवायला आली, तेव्हाही डाळ नुकतीच चढली होती.