उजेडामागे जाणारी गाडी

‘मारता काय सर, आधी विचारा ना त्याला.’

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत काहीही बंद पडलं की दोन थपडा द्यायच्या, ही माझी शास्त्रशुद्ध पद्धत. थपडेने मी पंखे चालवले, प्रोजेक्टर चालवला, एकदा तर तपासणीला आलेल्या साहेबांची जीप चालवली. खोटं वाटत असेल तर बदलापुरात कुणालाही विचारा, फक्त साहेबांना विचारू नका. नववीतली ही मुलगी मात्र माझा हात वरच्या वर अडवायची. मग मीटरच्या दोन तारा घेऊन तिची विचारपूस सुरू. इथवर वीज येते? येते. इथे? येते. इथे? नाही. ‘हा बघा सर, हा खोटं बोलतोय.’ तो खोटारडा म्हणजे कुठल्या तरी तारेचा सुटलेला टाका असायचा.

शाळेत आठवडाभराची रोबोटिक्सची कार्यशाळा आली. शिकवायला एक टायवाला पोरगा, तोंडात सारखं ‘मॅन्युअल फॉलो करो’. शनिवारी प्रदर्शन, आणि पहिल्या येणाऱ्याचा दहावीचा सगळा खर्च संस्था करणार, असं अध्यक्षांनी जाहीर केलेलं. बाकी पोरं हे ऐकून टाळ्या वाजवून मोकळी झाली. ही तेवढी वाजवायची राहिली. सुट्टीत मला म्हणाली, ‘सर, बाबांची अंबरनाथची कंपनी बंद झाली. ते म्हणालेत, पहिली आलीस तर दहावी इथेच. नाहीतर कॅम्प पाचच्या वस्तीत आत्याकडे.’

‘आत्याकडे काय?’

‘जीन्सचे धागे कापायचे.’

उद्या कुठला तास आहे हे सांगावं, तशा आवाजात सांगितलं.

त्या आठवड्यात तिच्या हाताला काय झालं होतं कोण जाणे. बाकीच्यांचा दिवा पेटेपर्यंत हिने टाकी भरली की कोकलणारा भोंगा बनवला आणि शाळेच्या टाकीवर बसवला. त्याचा आवाज, मी शपथेवर सांगतो, कर्जतपर्यंत गेला. बेलवलीतल्या बायका कुकर समजून गॅस बंद करायला धावल्या. आमचा शिपाई रोज टाकी वाहू द्यायचा आणि खाली सावलीत डुलक्या काढायचा, तो मला म्हणाला, ‘सर, या पोरीला आवरा, नायतर मी राजीनामा देतो.’

प्रदर्शनासाठी तिने गाडी केली. इतरांच्या गाड्या किटमधल्या, गुळगुळीत प्लॅस्टिकच्या. हिची बुटाच्या खोक्याची, मोटारी मोडक्या खेळण्यांतल्या, चाकं बरणीच्या झाकणांची. पुढे अगदी शेजारी शेजारी दोन सेन्सर बसवलेले, डाळीएवढे. तेच गाडीचे डोळे. टॉर्च दाखवला की गाडी उजेडामागे निघायची. शुक्रवारी मी टॉर्च घेऊन पुढे आणि गाडी मागे, अशी आमची वरात व्हरांड्यातून स्टाफरूममध्ये शिरली. मुख्याध्यापक खुर्चीवर चढून बसले आणि गाडी बाहेर गेल्याची खात्री होईपर्यंत उतरले नाहीत. टायवाला पोरगासुद्धा मॅन्युअल विसरला. ती मात्र हसली नाही. ‘उद्या चालली पाहिजे सर,’ एवढंच म्हणाली.

आता आमच्या शाळेची रीत सांगतो. नवीन काहीही आलं, कॉम्प्युटर असो, खिचडीचा कुकर असो, त्याला आधी हळदकुंकू. त्याशिवाय बटण दाबायचं नाही. शनिवारी अध्यक्षांच्या पत्नी, आम्ही सगळे त्यांना वहिनी म्हणतो, ताट घेऊन टेबलामागून टेबल फिरल्या. मी माईकवर. माझ्या हातात माईक असला की मला दुसरं काही दिसत नाही, हे खुद्द आमच्या घरातही मान्य आहे. ‘आणि आता, बदलापूरच्या इतिहासात प्रथमच,’ असं म्हणून मी तिची गाडी पुकारली.

अध्यक्षांनी टॉर्च धरला. गाडी हलली नाही. टॉर्च जवळ नेला. नाही.

मागून एक पोरगा म्हणाला, ‘अब पूछ ना उसको. विचार की.’ सगळा हॉल हसला.

मीटर तिच्या हातातच होता. तिने लावला नाही. एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा शेजारी ताट धरून उभ्या असलेल्या वहिनींकडे, आणि म्हणाली, ‘नाही चालत, सर.’ किटमधली गाडी पहिली आली. फोटो निघाले.

सोमवारी ती आली नाही. मी प्रयोगशाळा आवरायला घेतली तर कोपऱ्यात तिचं खोकं. दोन्ही सेन्सरवर ओल्या कुंकवाचा जाड ठिपका वाळून बसलेला, त्यात अक्षता रुतलेल्या. नखाने खरवडलं. टॉर्च लावला. गाडी सरळ येऊन माझ्या बुटावर आदळली.

तसाच अध्यक्षांकडे गेलो. आयुष्यात पहिल्यांदाच काही न वाढवता सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. ‘सर, निकाल लागला, फोटो छापायला गेला. आणि आमच्या मिसेसनी कुंकू लावलं म्हणून बंद पडली, हे मी कुठल्या तोंडाने सांगू?’

मग कॅम्प पाच. गल्लीत मशिनांचा आवाज एवढा की माझासुद्धा आवाज बुडाला. आत्याच्या खोलीत जीन्सचा ढीग, ढिगापाशी ती, हातात छोटी कात्री. बोटं निळी झालेली. मी सांगितलं, गाडी चालली.

‘माहीत होतं,’ ती म्हणाली. ‘त्यांनी लावलं तेव्हाच दिसलं. डोळेच झाकले गेले.’

‘मग पुसायचं होतंस. ओढणीचं टोक पुरलं असतं.’

‘आमचं घर बौद्ध, सर. आमच्यात हे लावत नाहीत, वर्गाला ठाऊक आहे. वहिनी समोर उभ्या. मी पुसलं असतं तर गाडी चालली असती, पण गाडीचं कोण बोललं असतं?’

‘मला तरी सांगायचंस.’

ती पहिल्यांदाच थोडी हसली. ‘तुम्हाला सांगितलं असतं, तर तुम्ही माईकवरून सांगितलं असतं.’

मी म्हणालो, बाबांशी बोलतो, संस्थेत पुन्हा बोलतो. ती मान हलवत राहिली. आत्याने आतून हाक दिली, ‘पोरी, संध्याकाळी शेठचा माणूस येणार माल न्यायला.’

‘सर, बसा ना. चहा सांगते.’

चहा सांगून ती पुन्हा ढिगापाशी बसली. एक पँट उचलायची, शिवणीवरून बोट फिरवायचं, धागा कापायचा, बाजूला टाकायची. चहा आला. मी प्यालो. ती कापत होती.