गाडी काठापर्यंतच

तुमच्या मामाने माझी तिकिटं रद्द केली. हे मी आधीच लिहून टाकते, कारण तो तुम्हाला सांगताना याला ‘प्लॅनमध्ये छोटासा बदल’ म्हणेल. तो निव्वळ आगाऊपणा होता, आणि माझा राग अजून उतरलेला नाही.

मागच्या वेळी तुम्ही दोघं भारतात आलात तेव्हा मामाने त्याच्या गाडीतून सगळ्यांना महाबळेश्वरला नेलं. काचा बंद, एसी चालू, समोर ती सुवासाची बाटली लटकलेली. धाकट्याला घाटात उलट्या झाल्या. मामा थांबला का? "आलंच आता, आलंच आता" म्हणत राहिला, आणि वर पोहोचल्यावर सगळ्यांसमोर त्याला ‘उलटीबहाद्दर’ म्हणाला. सगळे हसले, धाकटा हसला नाही. परत जाताना विमानतळावर त्याने माझ्या कानाशी येऊन विचारलं, "आजी, पुढच्या वेळी कार नको, चालेल?" मी म्हटलं, "नको म्हणजे नको." शब्द मी दिला होता. तो मोडण्याचा अधिकार मामाला कोणी दिला?

म्हणून या सुट्टीची सहल मी आखली. रेल्वेने पनवेलहून पुणे, पुण्याहून सातारा. साताऱ्याहून बामणोलीपर्यंत एसटी, खिडकी सताड उघडी ठेवून. आणि बामणोलीहून लाँचने कोयनेच्या त्या अफाट पाण्यावरून पलीकडच्या काठावर. तिथे एका घरी दोन खोल्या ठरवल्या होत्या. अंगणातून उतरलं की पाणी. नोकरीच्या सगळ्या वर्षांत मी साहेबांचे दौरे आखले. कुठली गाडी चुकली तर पुढची कुठली, मुक्कामी जेवण कोण देणार, सगळं टाइप करून त्यांच्या हातात द्यायचे. एकही साहेब कधी कुठे अडकून पडला नाही. मग माझी नातवंडंच अडकली असती का? पुण्यात गाडी बदलायला मी भरपूर वेळ ठेवला होता. आजोबांच्या गुडघ्यांसाठी लिफ्ट कुठे आहे ते विचारून ठेवलं होतं. धाकट्यासाठी आवळासुपारीची बरणी भरून तयार होती.

तिकिटं मोबाइलवर काढली होती. खातं तुमच्या आजोबांच्या नंबरावर आहे, कारण ते उघडलं तेव्हा मामा म्हणाला होता, बाबांचाच नंबर टाकू. एके दिवशी सकाळी चहा घेताना सहज उघडून बघितलं, तर सगळी तिकिटं रद्द.

"तुम्ही काही दाबलंत का?" मी आजोबांना विचारलं.

"मी कशाला दाबू? काल त्याचा फोन आला होता. म्हणाला, बाबा, एक ओटीपी येईल तो वाचून दाखवा. मी दाखवला."

हा माणूस आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रोज सकाळी फुलांच्या चित्राखाली लिहितो, ‘सावधान! ओटीपी कोणालाही देऊ नका.’

"कोणालाही देऊ नका ना?" मी म्हटलं.

"तो काय कोणीही आहे? मुलगा आहे आपला."

त्यांना कळलंच नव्हतं काय केलं ते. त्याचा मला आणखी राग आला.

रविवारी मामा-मामी खारघरहून आले. येताना ढोकळा आणला होता. मी डबा उघडलाही नाही.

"आई, अगं सरप्राइज होतं," मामा म्हणाला. "मोठी गाडी सांगितली आहे, ड्रायव्हरसकट. आपण सगळेच जाऊ. तुला बॅगा उचलायला नकोत, धावपळ नको."

"मला विचारलंस?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणजे माझं उत्तर तुला माहीत होतं."

मामी मध्ये पडली. "आई, अहो, अगदी दारात गाडी येईल. खाली उतरायचं नि बसायचं."

"दारात गाडी येते ती नवरीसाठी, नाहीतर मयतासाठी. मी सध्या दोन्ही नाही."

आजोबांना चहाचा ठसका लागला. मी त्यांच्याकडे बघितलंही नाही.

"आणि धाकटा?" मी विचारलं.

"त्याला गोळी देऊ ना. झोपून जाईल मस्त."

"एवढ्या लांबून आलेल्या पोराला गोळी देऊन झोपवायचं आणि तळं दाखवायचं? त्यापेक्षा घरी फोटो पाठव."

"तू ना आई, उगाच इगोवर घेतेस."

या वयात लोक माझ्याशी फार प्रेमाने वागतात. प्रेमाने हातातली पिशवी काढून घेतात. प्रेमाने बोलणं अर्ध्यावर तोडतात. काचेचं सामान हलवावं तसं जपून मला इकडून तिकडे ठेवतात, आणि सामानाला कोणी विचारत नाही. मामाचा हेतू वाईट नव्हता, हे मलाही कळतं. हेतू चांगला असला की माणसाला भांडताही येत नाही, म्हणून तर जास्त चीड येते.

लाँच तेवढी वाचली. ती मी लाँचवाल्याशी फोनवर बोलून ठरवली होती, आणि बोलण्याला ओटीपी लागत नाही.

सोमवारी सकाळीच मी नवी तिकिटं काढायला निघाले. आजोबांना सांगितलं, "तुम्ही खुशाल मुलाच्या गाडीतून या. मी मुलांना घेऊन रेल्वेने जाते." ते चपला घालून माझ्याआधी लिफ्टपाशी जाऊन उभे राहिले.

आमच्या विचुंब्याहून पनवेल स्टेशनपर्यंत रिक्षा केली. रिक्षावाला आमच्या ओळखीचा, गावातलाच. "काकी, तिकीट काढायला स्टेशनवर? मोबाइलवर नाय काढत?"

"काढलं होतं. मोबाइलवरच मेलं."

खिडकीवर रांग होती. आजोबा गुडघे धरून उभे राहिले, पण बसायला गेले नाहीत. फॉर्मवर मोबाइल नंबराच्या जागी मी माझा नंबर लिहिला. अक्षर जरा जास्तच ठळक आलं. तिकिटं मिळाली, पण पहिल्यासारखी नाहीत. पुण्यापर्यंत आपण तिघं एका डब्यात, तेही खिडकी एकच, आणि आजोबा पार दुसऱ्या डब्यात. खिडकी धाकट्याची. थोरलीने त्यावरून भांडायचं नाही. आजोबांना एकट्याने बसणं चालवून घ्यावं लागेल.

तेव्हा ठरल्याप्रमाणे या. मामाचा मेसेज आला, गाडीचे फोटो आले, तरी माझ्याशी बोलल्याशिवाय कशालाही हो म्हणू नका.

काल त्याचा फोन आला होता. आवाज जरा खाली आला होता. "बरं, मग आम्ही दोघं गाडीने तिकडेच येतो. सगळे एकत्र राहू."

"ये ना. पण गाडी बामणोलीच्या काठापर्यंतच. पुढे लाँच."

"लाँचमध्ये आम्ही मावू ना?"

"लाँचवाल्याला विचारून सांगते," मी म्हटलं.

त्यानंतर लाँचवाल्याशी माझं दोनदा बोलणं झालं. एकदा वेळेबद्दल, एकदा जेवणाबद्दल. लाँच चांगली मोठी आहे, हे मला पहिल्यापासून ठाऊक आहे. मामाबद्दल मी अजून विचारलेलं नाही.