एक्केचाळीस नंबरचे जोडे

पावणेचारला त्याचा दिवस सुरू व्हायचा. गजर चारचा लावलेला असायचा, पण तो त्यानं कधी वाजू दिला नाही. बायकोची झोप मोडू नये म्हणून लागलेली ही सवय. बायको जाऊन सहा वर्षं झाली, तरी पावणेचारला हात आपोआप गजराकडे जायचा.

आंघोळ, केस विंचरणं, मग पगडी. पगडीचं लांब कापड नीट घडीत आणायला दोन माणसं लागतात. एकानं टोक धरून ताणायचं, दुसऱ्यानं घड्या घालत पुढं यायचं. सहा वर्षं ते दुसरं टोक दाराच्या कडीला बांधलेलं असे. कडी ताण चांगला धरते. सैल कधी सोडायचं, एवढं मात्र तिला कळत नाही.

चौतीस वर्षं त्यानं बुटांच्या कारखान्यात तळ शिवले होते. निवृत्त झाल्यावर रिकाम्या खोलीत बसवेना, म्हणून तो एका दुरुस्तीच्या दुकानात जाऊ लागला. पहाटे पाच ते अकरा. जुना तळ उचकटायचा, चामडं भिजवायचं, आरीनं भोक पाडायचं, मेण लावलेला दोरा ओढायचा. इंचाला आठ टाके. सात घातले तर गिऱ्हाइकाला कळत नाही, दुकानदारालाही कळत नाही. पण त्याला कळायचं, आणि तो उसवून पुन्हा शिवायचा. दुकानदार कपाळाला हात लावायचा. या कामाची मजुरी तो वेगळी ठेवत होता. मुलगा समुद्रापलीकडे राहायचा. नातू चार वर्षांचा झाला होता आणि आजोबांनी त्याला फक्त फोनच्या काचेत पाहिलं होतं. तिकिटापुरती रक्कम आता जमत आली होती.

अकरानंतर तो गुरुद्वारात जायचा. तिथं जोडे ठेवायची खिडकी त्याच्याकडे होती. लोक जोडे द्यायचे, तो पितळी बिल्ला द्यायचा, जोडे फडक्यानं पुसून नंबराच्या खणात ठेवायचा. खिडकी बुटकी होती. आतून माणसाचं तोंड दिसायचं नाही, दिसायचे हात आणि पाय. त्याला सगळे ‘जोडेवाले बाबाजी’ म्हणत. नाव कुणी विचारलं नव्हतं, आणि त्यानंही आपण होऊन कधी सांगितलं नव्हतं.

रोज साडेबाराला एक माणूस यायचा. तपकिरी, लेसवाले जोडे, उजव्या टाचेची बाहेरची कड झिजलेली. तो एक्केचाळीस नंबरच मागायचा. दोन वर्षं हे चाललं होतं. लंगरमध्ये पंगतीच्या शेवटी बसायचा, मुकाट जेवायचा, जाताना डब्यात थोडं भरून न्यायचा. कोण, कुठला, कुणी विचारलं नाही. लंगरला येणाऱ्याला विचारायचं नसतंच. त्याची मान खाली जाईल असं काही करायचं नाही, हे तिथल्या प्रत्येकाच्या अंगात मुरलेलं.

एका सोमवारी तो माणूस पंगतीत आडवा झाला. तोंड वाकडं, शब्द फुटेना. रुग्णवाहिका आली. तिच्यातल्या बाईनं कागद काढला आणि विचारलं, “नाव काय यांचं?”

तिथं साठ-सत्तर माणसं उभी होती. त्यातल्या निम्म्यांनी कधी ना कधी त्याला वाढलं होतं. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले. बाईनं काहीतरी लिहिलं आणि दार लावलं. गाडी गेली.

संध्याकाळी चारला खिडकी बंद करताना एक्केचाळीसच्या खणात जोडे तसेच होते. माणूस अनवाणी गेला होता.

स्वयंपाकघर सांभाळणारी बीबीजी डबा घेऊन आली. त्या माणसाचा डबा, भरलेला, तिथंच राहिला होता. ती म्हणाली की हा नेहमी रोटीच्या कडा काढून मधला मऊ भाग मागायचा, डाळीत भिजवून भरायचा. तिला वाटायचं दात नसतील. “पण बाबाजी, आज त्याचं तोंड पाहिलं. दात सगळे शाबूत आहेत.”

म्हणजे घरी दुसरं कुणीतरी होतं. आणि ते वाट बघत असणार.

गुरुद्वाराचा कारभार बघणाऱ्या प्रधानजींना सांगितलं. प्रधानजी माणूस वाईट नव्हता. भांडी घासायला स्वतः बसणारा. ते म्हणाले, रविवारी बैठक आहे, विषय घेऊ. पण रविवार सहा दिवसांवर होता.

जोडेवाल्यानं जोडे पिशवीत घातले आणि घरी नेले. दिव्याखाली उलटे केले. तळ तीनदा बदललेला. टाके इंचाला सहा, आणि शेवटची गाठ उजवीकडे मारलेली. म्हणजे शिवणारा डावखुरा. एवढ्या वर्षांत त्याला शहरातले डावखुरे चांभार दोनच माहीत होते, आणि एक वारला होता.

दुसऱ्या दिवशी अकराला तो सरळ बस डेपोच्या भिंतीपाशी गेला. डावखुरा चांभार पेटी मांडून बसला होता. त्यानं जोडे हातात घेतले न घेतले तोच ओळखले.

“माझेच टाके.”

“सहाच घातलेत.”

“सहाचेच पैसे देतो तो,” चांभार म्हणाला. मग जरा हसून, “तुम्ही आठवाले दिसता.”

त्यालाही नाव माहीत नव्हतं. पण एक गोष्ट त्यानं सांगितली. हा माणूस दर दिवाळीला दोन जोड आणायचा. एक स्वतःचा, आणि एक बाईची चप्पल. “पट्टा विरतो, म्हणून बदलून नेतो. तळ मात्र जसा दुकानातून आणला तसा, कोरा. चालतच नाही ती बाई. तरी पायात घालून बसते म्हणे.” राहायचं ठिकाण त्याला ऐकून ठाऊक होतं. कपडे धुण्याच्या दुकानामागं, बाहेरून लोखंडी जिना, सगळ्यात वरची खोली.

तो जिना चढून वर गेला. दाराला बाहेरून कडी होती. त्यानं आधी दार वाजवलं.

आतून आवाज आला, “दादा? किती रे उशीर?”

कालपासून ती हेच विचारत असणार, आणि दार ऐकत असणार. त्यानं कडी काढली.

खाटेवर म्हातारी बसली होती. पांढऱ्या केसांची, तोंडाचं बोळकं, पायांत कोऱ्या तळाच्या चपला. हाताला येईल एवढ्या अंतरावर पाण्याची बाटली, रिकामी. तिनं घाबरून पांघरूण ओढलं.

“कोण तुम्ही?”

“जोडेवाला. गुरुद्वारातला.”

“ते काम झालं. नाव नाही का तुम्हाला?”

स्वतःचं नाव शेवटचं कधी उच्चारलं होतं ते त्याला आठवेना. मग त्यानं नाव सांगितलं. ती ते एकदा स्वतःशी म्हणाली, नीट लागतंय का बघावं तशी, आणि म्हणाली, “आता सांगा. माझा भाऊ कुठं आहे?”

त्यानं आधी पाणी दिलं. बीबीजीनं सकाळी दुकानावर आणून दिलेला ताजा डबा सोडला, रोटी डाळीत कुस्करली. ती खाईपर्यंत थांबला. मग सांगितलं.

ती रडली नाही. एवढंच म्हणाली की मला त्याच्याकडे न्या.

रुग्णालय शहराच्या दुसऱ्या टोकाला. ती चालू शकत नव्हती, बसमध्ये चढू शकत नव्हती. जोडेवाल्यानं टॅक्सी बोलावली. टॅक्सीवाला तोंडाचा फटकळ पण मनगटाचा भक्कम. दोघांनी मिळून तिला खुर्चीसकट जिन्यावरून उतरवलं. मधल्या वळणावर टॅक्सीवाला म्हणाला, “बाबा, तुम्ही खालची बाजू सोडा, नाहीतर परत येताना दोन खुर्च्या उचलाव्या लागतील.” म्हातारी हसली. त्या दिवसातलं तेवढंच हसणं.

भावाच्या खाटेवर पाटी होती: अनोळखी पुरुष. बहिणीनं नाव सांगितलं, परिचारिकेनं पाटी पुसून ते लिहिलं. भावाला बोलता येत नव्हतं. त्यानं डावा हात हलवला. बहिणीनं तो धरला आणि तीन तास सोडला नाही. टॅक्सी खाली उभी होती.

दुसऱ्या दिवशीही ती गेली. तिसऱ्या दिवशीही. जोडेवाला अकराला दुकानातून निघायचा आणि टॅक्सी घेऊन जिन्याखाली हजर व्हायचा. दरम्यान त्यानं एक्केचाळीसच्या जोड्यांना नवी टाच लावली, तळ आठ टाक्यांनी शिवला आणि ते रुग्णालयात भावाच्या खाटेखाली ठेवले.

खिडकीवर त्या दिवसांत बीबीजी बसत होती. रविवारी बैठक झाली. जोडेवाला आजवर बैठकीत कधी बोलला नव्हता. त्या दिवशी उभा राहिला आणि म्हणाला, खिडकीवर मी नाव आणि राहायचं ठिकाण विचारणार.

प्रधानजी नाराज झाले. “इथं कुणाला नावगाव विचारत नाहीत, बाबाजी. तोच तर आपला मोठेपणा.”

“ताटावर विचारू नका. मी जोड्यांवर विचारतो.”

“फरक काय पडला?”

“ताटावर विचारलं की वाटतं, जेवणाच्या बदल्यात विचारतायत. जोड्यांवर विचारलं की वाटतं, जोडे हरवू नयेत म्हणून विचारतायत. नको असेल त्यानं सांगू नये. पण रोजचा माणूस तीन दिवस आला नाही, तर कुणाचं दार वाजवायचं ते आपल्याला ठाऊक हवं.” मग त्याला वाटलं आपण फार बोललो, आणि तो खाली बसला.

प्रधानजींनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. सोमवारी खणांच्या खाली खडूनं नावं आणि ठिकाणं दिसू लागली. बीबीजीनं लिहिली होती. पहिल्याच आठवड्यात दोन दारं वाजवून झाली. एका दारात तापानं फणफणलेला हमाल सापडला. दुसऱ्या दारातला माणूस ठणठणीत होता. तो नुसताच कंटाळला होता, आणि कुणी विचारायला आलं म्हणून इतका गोंधळला की त्यानं आलेल्यालाच जेवायला बसवलं.

बाराव्या दिवशी टॅक्सी बोलवावी लागली नाही. भाऊ गेल्याचा निरोप सकाळीच रुग्णालयातून आला.

म्हातारीचा डबा आता वरच्या खोलीत जातो. बीबीजी नेते, कधी प्रधानजी. जोडेवाला आठवड्यातून एकदा जातो, चपलेचा पट्टा बघतो. फार बोलणं होत नाही. निघताना ती त्याला नावानं हाक मारून दार लोटून घ्यायला सांगते. बाहेरची कडी त्यानं काढून टाकली आहे.

घरी पगडीचं टोक अजून दारालाच बांधतो.

महिन्यानं मुलाचा फोन आला. तिकीट कधी काढताय, त्यानं विचारलं. यंदा जमत नाही, हा म्हणाला. मुलाला वाटलं पैसे कमी पडले असतील.

“कमी नाही पडले. पुरले.”

“मग गेले कुठं, पप्पा?”

“टॅक्सीला.”

मुलगा हसायला लागला. “एवढं कुठं फिरलात?”

“शहराच्या दुसऱ्या टोकाला,” तो म्हणाला. “अकरा वेळा.”